ओक उन्हाने मरतात?

‘कॅलिफोर्नियातले ओक वृक्ष कडक उन्हाने एकाएकी वाळतात’ हा समज सहज होतो. रोगाचं नावच ‘सडन ओक डेथ’, मग काय! खरा गुन्हेगार फायटोफ्थोरा रॅमोरम हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव, आपल्याकडच्या सुपारीच्या कोळेरोगाच्या जंतूचा भाऊबंद. याला पाणी लागतं. वसंतातल्या उबदार पावसात बे लॉरेल या तिथल्याच झाडाच्या पानांच्या टोकाशी, जिथे थेंब लोंबत राहतो तिथे, बीजाणू तयार होतात आणि शिंतोड्यांबरोबर शेजारच्या ओकच्या खोडावर पोचतात. बे लॉरेलला स्वतःला फारसं काही होत नाही! ओकची साल मात्र आतून कुजते, काळपट-लाल रस झिरपतो. पानं तपकिरी होतात ती बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात; म्हणून आळ उन्हावर. कोरड्या वर्षी उलट नवी लागण घटते.