एलसीपीएस ते बंधपत्र : गावच्या डॉक्टरची जागा रिकामी कशी झाली

आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही अशी बातमी आली, की चर्चा तरुण डॉक्टरांच्या शहरओढीपाशी येऊन थांबते. या प्रश्नाची मुळे मात्र स्वातंत्र्याच्याही आधीची आहेत.

तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यावरच्या पाटीत डॉक्टरच्या नावापुढे अनेकदा ‘एलसीपीएस’ किंवा ‘एलएमपी’ असे. पदवीऐवजी परवान्याचा अभ्यासक्रम केलेली ही माणसे ताप, विंचूदंश, अडलेले बाळंतपण सगळे पाहत. घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांची नाडी त्यांना ठाऊक. देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या सरकारी भोर समितीच्या १९४६च्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळपास ३०,००० असे परवानाधारक होते. गावाला कमी शिकलेला डॉक्टर का द्यायचा, या रास्त भावनेने समितीने हा अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर घडवायला सुचवले. काही सदस्यांनी याविरुद्ध आपले मत नोंदवले. त्याच वर्षी पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल कॉलेज झाले. पदवीधर वाढले, पण ते शहरातल्या मोठ्या रुग्णालयात घडले आणि तिथल्याच कामाला सरावले.

१९५२पासून सामुदायिक विकास कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. पुढे सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र असा निकष ठरला. इमारतींचा हिशेब झाला. डॉक्टरच्या राहत्या घराचा, त्याच्या मुलांच्या शाळेचा, अडल्या रात्री सल्ला विचारायला जवळ असणाऱ्या सहकाऱ्याचा झाला नाही. मधली पोकळी महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या, डॉक्टरांनी भरून काढली. खेड्यातला ‘आपला डॉक्टर’ आज बहुधा तोच असतो, आणि धोरणाच्या चर्चेत त्याला क्वचितच जागा मिळते, याचे वाईट वाटते.

वेगळी वाट १९६९मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू करून काढली. तिथे वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पुढे तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अटही आली. गाव आधी ओळखीचे व्हावे, मग नेमणूक, हा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

महाराष्ट्र सरकारने मुख्यतः बंधपत्राची वाट धरली: सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर वर्षभर सेवा, नाहीतर दहा लाखांचा दंड, अशी अट घातली. वर्ष संपले की डॉक्टर जातो आणि गावाची ओळखपाळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

३१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. दुर्गम भागात काढलेल्या वर्षांचे त्यातून चीज होते. पण फॅमिली मेडिसिनमध्ये, म्हणजे कुटुंबातल्या सर्वांचे नेहमीचे आजार पाहणाऱ्या शाखेत, एमडी करण्याची सोय मोजक्याच ठिकाणी असल्याने ही जागा बहुतेकांना दुसऱ्याच एखाद्या विषयाची मिळते. तो विशेषज्ञ परत येतो ते ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात. त्याच्या जुन्या केंद्राला पुन्हा नवा डॉक्टर शोधावा लागतो.