सातबारा उतारा

सातबारा उतारा हा महाराष्ट्रातील शेतजमिनीचा गावपातळीवरचा अभिलेख आहे. गाव नमुना 7 हे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना 12 ही पिकांची नोंदवही. ही दोन्ही एकाच कागदावर येतात, म्हणून 'सात-बारा'. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 आणि त्याखालील 1971 च्या नियमांप्रमाणे तो ठेवला जातो. महसुली दप्तरात 1 ते 21 गाव नमुने असले तरी लोकांच्या तोंडी बसला तो हाच, कारण पीककर्ज, पीक विमा, अनुदान, भूसंपादनाचा मोबदला, हमीभाव केंद्रावरची विक्री यांतले बहुतेक काही या कागदावाचून पुढे सरकत नाही. सोयरीक जुळवतानाही मुलाच्या नावावर किती एकर आहे, हे सातबारा पाहूनच ठरते. 'सातबारा कोरा करा' ही शेतकरी चळवळीची मागणी याच कागदाच्या इतर अधिकार रकान्यातील कर्जाचा बोजा पुसण्याची आहे.

मुळात हा कागद जमीन कोणाची हे ठरवण्यासाठी जन्मला नाही, सारा (जमीन महसूल) कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी जन्मला. मुंबई इलाख्यात प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेली जमिनीची पाहणी फसली. तिचे दर जड होते आणि लोक गावे सोडून गेले. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी व आकारणी सुरू केली. दर 30 वर्षांसाठी बांधून दिले. 33 फुटांच्या शंकू साखळीने मोजणी होई. त्या साखळीचा चौरस, म्हणजे 1,089 चौरस फूट, हा एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. 1879 चा मुंबई जमीन महसूल कायदा आणि 1903 चा अधिकार अभिलेखाचा कायदा यांतून आजच्या उताऱ्याचा साचा तयार झाला. स्वातंत्र्यानंतर सारा नाममात्र उरला. कागद मात्र कल्याणकारी योजनांचा दरवाजा झाला, आणि सारा भरणाऱ्याचे नाव टिपण्यासाठी आखलेला रकाना आज लाभ कोणाला मिळावा हे ठरवतो. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी यातून निघतात.

उतारा कसा वाचावा

वरच्या बाजूला गाव, तालुका, जिल्हा आणि गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक असतो. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या 1947 च्या कायद्याखाली ज्या गावांत योजना राबवली गेली, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोकणातल्या अनेक गावांत अजून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतो. जुना व्यवहार शोधताना दोन्ही नंबरांचा मेळ घालणारा कागद आधी काढावा, नाहीतर भलत्याच जमिनीचे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) चाळत बसण्याची वेळ येते.

क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे लिहिलेले असते. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि 100 आर म्हणजे 1 हेक्टर. 1.62.00 असे दिसले तर ते 1 हेक्टर 62 आर, म्हणजे साधारण 4 एकर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच (गुंठा 101.17 चौरस मीटर), म्हणून व्यवहारात ते एकच धरतात. मोठ्या क्षेत्रात हा फरक बांधावर दिसू लागतो. लागवडयोग्य क्षेत्राखाली पोटखराबा असतो. वर्ग अ म्हणजे खडक, नाला यांमुळे लागवडीस अयोग्य ठरलेले व आकारणी नसलेले क्षेत्र, आणि वर्ग ब म्हणजे रस्ता, कालवा, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेले. जमीन विकत घेणारे एकूण क्षेत्रावर भाव ठरवतात आणि वर्ग ब चा हिस्सा आपल्याला कसता येणार नाही हे नंतर कळते. ही फार जुनी आणि अजून घडणारी चूक आहे.

भूधारणा पद्धतीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. भोगवटादार वर्ग 1 ची जमीन खातेदाराला एरवी परवानगीशिवाय विकता येते. वर्ग 2 मध्ये इनाम, वतन, भूदान, सीलिंग, कुळकायदा अशा वाटांनी मिळालेल्या जमिनी येतात व त्यांच्या हस्तांतरावर बंधन असते. 1958 च्या कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायद्यानंतर परत मिळालेल्या महार वतनाच्या जमिनी याच वर्गात आहेत. कुळकायद्याने मिळालेली जमीन खरेदी प्रमाणपत्रानंतर 10 वर्षे झाली असतील तर आकाराच्या (ठरलेल्या साऱ्याच्या) 40 पट रक्कम भरून शेतीसाठी विकता येते. आदिवासी खातेदाराची जमीन वर्ग 1 दिसली तरी महसूल अधिनियमाचे कलम 36-अ लागू असते. बिगर आदिवासीला ती परवानगीशिवाय घेता येत नाही आणि घेतली तर व्यवहार टिकत नाही.

उजवीकडचा इतर अधिकार हा रकाना घाईत वाचू नये. कूळ, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, पाइपलाइनचा हक्क, 'तुकडा' (ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान) हा शेरा, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, न्यायालयाचा मनाई हुकूम असे सारे इथे असते. शेजारी वर्तुळात लिहिलेले आकडे फेरफार क्रमांकांचे. सातबारा फक्त आजची स्थिती दाखवतो. ती कशी आली हे गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही, सांगते. म्हणून जमीन घेणाऱ्याने सातबाऱ्यासोबत किमान 30 वर्षांचे फेरफार आणि जुने हस्तलिखित उतारे पाहण्याचा रिवाज आहे, आणि तो योग्य आहे. एका खातेदाराची गावातली सर्व जमीन एकत्र पाहायची असेल तर गाव नमुना 8-अ घ्यावा.

या उताऱ्यावर नकाशा नसतो. चतुःसीमाही नसतात. बांधाचा वाद सातबाऱ्याने सुटत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करावा लागतो, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते आणि मोजणीनंतर हद्द दाखवणारी 'क' प्रत मिळते.

नोंद कशी होते

हक्क मिळाल्यापासून 3 महिन्यांत तलाठ्याला कळवणे हे कलम 149 प्रमाणे बंधन आहे. (2024 मध्ये तलाठी या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले, पण गावात तलाठी हाच शब्द चालतो.) नोंदणीकृत खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधकाकडून परस्पर येते. वारसाच्या बाबतीत तसे नाही, घरच्यांनाच हालचाल करावी लागते. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज दिला की नोंद आधी 6-क या वारस नोंदवहीत आणि मग फेरफार म्हणून नमुना 6 मध्ये येते. संबंधितांना नोटीस निघते, चावडीवर लागते आणि हरकतीसाठी 15 दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि तेव्हाच सातबाऱ्यावर नाव बदलते. हरकत आली तर प्रकरण 6-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन सुनावणी होते. निकाल मान्य नसेल तर प्रांताधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील करता येते.

गफलत बहुधा सुरुवातीच्या प्रतिज्ञापत्रातच होते. बहिणींची नावे 'त्या सासरी सुखी आहेत' म्हणून गाळली जातात, दुसऱ्या बायकोची मुले गाळली जातात, आणि तलाठ्यापुढे विचारणा झाली तर गावकरी गप्प बसतात. वगळलेला वारस 20 वर्षांनी रस्त्याच्या भूसंपादनाची रक्कम जाहीर झाल्यावर उभा राहतो, मग रक्कम अडकते आणि दिवाणी दावा सुरू होतो. दुसरी अडचण नोंद न करण्याची. आजोबांचे नाव तसेच, वडीलही वारले, नातू कसतो आहे, अशी खाती गावोगाव आहेत. ती निकाली काढण्यासाठी 2025 मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली गेली.

जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावामागे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' अशी अक्षरे दिसतात. अर्थ असा की हा इसम एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता म्हणून लिहिला आहे, जमीन सर्व भावांची आहे. त्याच्या मृत्यूनंतर फक्त त्याच्याच मुलांची नावे लागली की धाकट्या भावांचा वंश कागदावरून पुसला जातो. अक्षरे उतारा पुन्हा लिहिताना गळली असतील तर जुना फेरफार काढून तहसीलदाराकडे अर्ज करावा. लेखनप्रमाद असेल तर कलम 155 खाली दुरुस्ती होते. हक्काचाच वाद असेल तर या कलमाने काही साधत नाही, कारण ते फक्त हस्तदोषासाठी आहे. संगणकीकरणात नावे, क्षेत्रे, हिस्से चुकले तेव्हा 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन घेऊन ते तपासले गेले. त्या वाचनाला जे गेले नाहीत, त्यांच्या चुका अनेक ठिकाणी राहून गेल्या.

वाटणीचे दुखणे वेगळे आहे. भावांनी तोंडी वाटप करून बांध घातलेले असतात, प्रत्येकजण आपला तुकडा कसतो, पण उताऱ्यावर सर्वांची नावे एकाच कंसात सामाईक राहतात. मग एकाला विहिरीसाठी कर्ज हवे तर सगळ्यांची संमती लागते, आणि मुंबईला गेलेला भाऊ सही देत नाही. सर्वांची संमती असेल तर कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करता येतो. नुसत्या कागदी वाटपावर थांबू नये. पोटहिस्सा मोजणी करून आकारफोड (हिश्शाप्रमाणे साऱ्याची विभागणी) झाली तरच 112/1, 112/2 असे वेगळे उतारे आणि त्यांना जुळणारा नकाशा तयार होतो.

बोजाबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. कर्ज फिटले किंवा माफ झाले तरी इतर अधिकारातला बोजा आपोआप जातो असे धरून चालू नये. बँकेचे बेबाकी पत्र (येणे बाकी नसल्याचा दाखला) तलाठ्याकडे देऊन बोजा कमी करण्याचा फेरफार मंजूर करून घ्यावा. हे राहून गेले की नवे कर्ज मागताना जुने थकीत दिसते.

नाव कोणाचे, राबणे कोणाचे

खुरपणी, वेचणी, मळणी या कामांत बायांचे हात सर्वाधिक असतात. उताऱ्यावर त्यांची नावे येतात ती बहुधा विधवा झाल्यावर. शेतकरी संघटनेने चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर हा प्रश्न गावागावात नेला. लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो पुरुषांनी जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला, आणि पुढे शासनानेही पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट करून दिली. मुलींच्या बाबतीत महाराष्ट्राने 1994 मध्येच हिंदू वारसा कायद्यात बदल करून त्यांना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सर्व मुलींना मिळाला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वडील त्या तारखेला हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, असे स्पष्ट केले. तरीही हक्कसोडपत्राची प्रथा जोरात आहे. बहिणीने सही केली नाही तर माहेर तुटते, भाऊबीज बंद होते, ही भीती कायद्यापेक्षा जवळची असते. सही करणाऱ्या बहिणीला एवढे तरी माहीत असावे, की हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, ते एकदा दिले की मागे घेणे फार अवघड, आणि वारस नोंदीच्या वेळी नुसते 'नाव लावू नका' असे तोंडी सांगितल्याने तिचा हक्क संपत नाही.

दुसरा गट बटाईदारांचा. निम्म्या वाट्याने, खंडाने किंवा मक्त्याने जमीन कसणारे राज्यभर आहेत, पण नमुना 7-अ या कुळांच्या नोंदवहीत त्यांची नावे सापडत नाहीत. कारण इतिहासात आहे. 1948 च्या कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्याला मालक केले. तेव्हापासून लिहून दिले तर जमीन जाईल, ही धास्ती मालकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. कायद्याने एका पिढीला जमीन दिली आणि पुढच्या पिढीच्या कसणाऱ्यांना कागदाबाहेर ठेवले. परिणाम रोखठोक आहेत. पीककर्ज खातेदाराला, म्हणून बटाईदार सावकाराकडे किंवा कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर जातो. पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला मिळतात. गारपिटीची मदत खातेदाराच्या खात्यात पडते. हमीभाव केंद्रावर सोयाबीन, कापूस, तूर नेताना सातबाऱ्यावर पीकपेरा लागतो, तो मालकाच्या नावाने, आणि पैसेही मालकाकडे जातात. मग हिशेब विश्वासावर.

नमुना 12 वरची पिकांची नोंद 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी ॲपमधून शेतकऱ्याने स्वतः करायची पद्धत राज्यभर आली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो घ्यायचा, क्षेत्र, पीक व सिंचनाचे साधन भरायचे. चूक झाली तर 48 तासांत दुरुस्त करता येते. पूर्वी चावडीत बसून सगळ्या गावाला एकच पीक लिहिले जाण्याची तक्रार असे, ती यामुळे कमी झाली. पण डोंगरी भागात रेंज नसते, मुदतीच्या शेवटच्या दिवसांत ॲप रखडते, आणि नोंद राहिली की त्या हंगामाला शेत पडीक दिसते. आंतरपीक भरताना दोन्ही पिकांचे क्षेत्र वेगळे न दाखवल्याने विम्याचे दावेही अडतात.

मालकीचा अंतिम पुरावा?

सातबारा हा मालकीहक्काचा निर्णायक पुरावा नाही. कलम 157 प्रमाणे नोंद खरी मानली जाते, ती खोटी ठरवली जाईपर्यंत. महसुली नोंदीने हक्क निर्माण होत नाही किंवा संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. हक्क ठरतो खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, वारसा यांवरून आणि वाद असेल तर दिवाणी न्यायालयात. गावातल्या भांडणात मात्र 'उताऱ्यावर माझे नाव आहे' हेच शेवटचे वाक्य असते.

उतारा पाहायचा असल्यास महाभूलेख संकेतस्थळावर विनाशुल्क दिसतो, पण तो कार्यालयात चालत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि त्यावर वेगळी सही-शिक्का लागत नाही. उताऱ्याखाली 'प्रलंबित फेरफार' पुढे क्रमांक दिसला, तर तो निकाली निघेपर्यंत विसार देऊ नये.