अर्धी जमिनीत, अर्धी वर : बागेत स्वतः बांधायच्या खोलीमागचा इतिहास

बागेच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन अर्धी जमिनीखाली आणि अर्धी जमिनीवर राहील अशी छोटी खोली स्वतःच्या हाताने बांधावी, ही कल्पना बांधकामाचा अनुभव नसलेल्या माणसालाही चटकन पटते. खोलीची उंची डोळ्यांत खुपत नाही, उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब मिळेल असे वाटते, आणि भिंतींचे निम्मे काम जमीनच करून देईल असाही हिशेब मनात असतो. या अपेक्षा निराधार नाहीत. मात्र त्यांच्या समर्थनार्थ ज्या जुन्या बांधकामांचे दाखले दिले जातात, त्यांतील बरीचशी मुळात कोरड्या, बसण्या-उठण्याच्या खोल्या नव्हत्या. त्यांचा उपयोग निराळा होता आणि ओल ही त्यांच्यापैकी अनेकांची अडचण नसून गरज होती. योजना आखण्यापूर्वी हा इतिहास पाहायचा तो याच कारणासाठी.

नवशिक्यांनी अशी बांधकामे सर्वाधिक संख्येने केली ती दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, ब्रिटनमध्ये. विल्यम पॅटरसन आणि ऑस्कर कार्ल केरिसन या अभियंत्यांनी १९३८ मध्ये घरामागच्या बागेत पुरता येईल असा हवाई हल्ल्यापासूनचा निवारा आखला. हवाई हल्ल्यांविरुद्धच्या पूर्वतयारीची जबाबदारी सर जॉन अँडरसन यांच्याकडे होती, म्हणून त्याला अँडरसन निवारा हे नाव पडले. जस्ताचा मुलामा दिलेले १४ पन्हळी पत्रे, नटबोल्ट आणि एक सूचनापत्रक एवढेच साहित्य घरी येई. पुढचे काम कुटुंबाने करायचे. सुमारे ४ फूट खोल खड्डा घ्यायचा, त्यात साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि ६ फूट उंच अशी पत्र्याची खोली उभी करायची आणि निघालेली माती निदान १५ इंच जाडीने तिच्यावर पसरायची. वर्षाला २५० पौंडांहून कमी उत्पन्न असलेल्यांना निवारा मोफत मिळे, इतरांना ७ पौंड मोजावे लागत. फेब्रुवारी १९३९ पासून सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १५ लाख निवारे वाटले गेले.

रचना म्हणून हा निवारा उत्तम ठरला. वक्र पन्हळी पत्रा धक्का बसला की किंचित वाकतो, पण तुटत नाही. वरची माती स्फोटाचा जोर आणि उडते तुकडे अडवते. थेट बॉम्ब पडला तर इलाज नव्हता, पण जवळपासच्या स्फोटातून अनेक कुटुंबे वाचली. रहिवाशांची खरी तक्रार होती ती पाण्याची. चिकणमातीच्या बागेत घेतलेला ४ फुटी खड्डा म्हणजे प्रत्यक्षात एक हौदच, कारण भोवतालच्या न हललेल्या मातीपेक्षा खड्ड्याच्या कडेने परत भरलेली माती सैल असते आणि आसपासचे पाणी तिथूनच वाट काढते. लोक तळाच्या कोपऱ्यात छोटा खळगा करून त्यात जमलेले पाणी बादलीने उपसत, जमिनीपासून उंच फळ्यांवर झोपत, आणि अनेक ठिकाणी नंतर काँक्रीटचा तळ घालण्याची वेळ आली. ओल आणि थंडी यांना कंटाळून पुष्कळांनी निवारा असूनही रात्री घरातच काढल्या. १९४१ मध्ये घराच्या आत, टेबलासारखा मांडता येणारा मॉरिसन निवारा आला, त्यामागे ज्यांना बाग नव्हती त्यांची सोय होती, तसाच या गैरसोयीचाही भाग होता. युद्धानंतर कित्येकांनी तेच पत्रे उकरून काढले आणि जमिनीच्या वर उभे करून त्यांची अवजारांची खोली केली. खड्ड्यातला अनुभव घेतलेल्या माणसांनी केलेली ही निवड बोलकी आहे.

याच्या कितीतरी आधी, म्हणजे लोखंड आणि सिमेंट नसताना, माणूस अशा घरांत राहत होताच. चीनमधील शिआनजवळच्या बान्पो येथे सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीची अर्धी जमिनीत असलेली घरे सापडली आहेत. जपानमधील जोमोन या प्रागैतिहासिक काळातील लोक गोल खड्डा घेऊन मध्ये खांब रोवत आणि त्यांवर उतरते छप्पर टाकत. त्या घरांतला एक तपशील नव्या बांधणाऱ्याने अवश्य पाहावा असा आहे. खड्ड्यातून निघालेली माती ते दूर नेऊन टाकत नसत, तर खड्ड्याच्या काठाभोवती तिचा बांध घालत. छपराची कड या बांधावर किंवा त्याच्याही पलीकडे येई, त्यामुळे छपरावरून पडणारे पाणी आणि जमिनीवरून वाहत येणारे पाणी दोन्ही बाहेरच राहत. घराची निम्मी उंची खोदून आणि निम्मी बांध उंचावून मिळवण्याची ही युक्ती आजच्या अनेक आराखड्यांपेक्षा शहाणपणाची आहे. शिवाय आत चूल असे आणि ती रोज पेटत असे. धूर आणि उष्णता यांमुळे लाकूड व छप्पर कोरडे राही, कीड लागत नसे. आठवड्यातून एकदा उघडल्या जाणाऱ्या बागेतल्या खोलीला हे वाळवणारे यंत्र नसते.

सगळेच खड्डे घरांचे असतील असेही नाही. काश्मीरमधील बुर्झाहोम येथील नवाश्मयुगीन खड्डे तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद आहेत. त्यांत माणसे राहत होती, असे दीर्घकाळ मानले गेले. पुढे काही अभ्यासकांनी ती धान्याची पेवे असावीत, असे मत मांडले. असाच वाद उत्तर युरोपातील आरंभीच्या मध्ययुगातील खड्डाघरांविषयी आहे. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातील वेस्ट स्टो येथे १९६५ ते १९७२ या काळात अशा घरांची पूर्ण वस्ती उकरली गेली. त्यातून प्रश्न उभा राहिला, की माणसे खड्ड्याच्या तळावर वावरत होती, की खड्ड्यावर लाकडी फळ्यांची जमीन घालून वर राहत होती आणि खालची जागा केवळ हवा खेळण्यासाठी मोकळी ठेवत होती. उत्खननाच्याच जागी दोन्ही मतांप्रमाणे प्रतिकृती बांधून पाहण्यात आल्या. माझ्या मते नव्या बांधणाऱ्याने यातली दुसरी शक्यता मनात ठेवावी, कारण जमिनीला न टेकणारा तळ हा ओलीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ओल मुद्दाम हवी असणाऱ्या कामांची यादी मोठी आहे. जर्मानिया प्रांतात जवसाच्या धाग्याचे विणकाम जमिनीखालच्या खोल्यांत चालते, अशी नोंद रोमन लेखक थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात केली आहे. जवसाच्या झाडापासून काढलेला धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि दमट हवेत लवचीक राहतो. खड्डाघरांच्या अवशेषांत मागाला ताण देणारी मातीची वजने सापडतात, ती याला जुळणारी आहेत. कंदमुळे साठवण्याच्या तळघरांचेही तसेच. गाजर, बटाटे, बीट सुकून जाऊ नयेत म्हणून तिथे मातीचीच जमीन ठेवली जाई.

श्रीमंतांच्या बागांत अर्धवट पुरलेली इमारत आली ती बर्फघराच्या रूपाने. पहिल्या जेम्स राजासाठी १६१९ मध्ये ग्रिनिच येथे बर्फासाठी विहीर खणली गेली आणि पुढच्या दोन शतकांत इंग्लंडमधील मोठ्या वाड्यांच्या आवारात अशी शेकडो बांधकामे झाली. अंड्याच्या आकाराची विटांची विहीर, बऱ्याचदा दुहेरी भिंत, वर मातीचा ढिगारा, आणि आत जायला एकामागून एक दारे असलेला बोळ अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी होती. त्यातला खरा कळीचा भाग दिसत नसे : विहिरीच्या तळाशी वितळलेले पाणी काढून नेणारी मोरी, आणि त्या मोरीतून गरम हवा आत येऊ नये म्हणून केलेला पाण्याचा अडसर. पाणी साचले की बर्फ झपाट्याने वितळतो, हे जाणणाऱ्या गवंड्यांनी निचरा आधी आखला आणि भिंती नंतर रचल्या. एका थंड पदार्थासाठी घेतलेली ही काळजी माणसांसाठी बांधताना मात्र क्वचितच दिसते.

जमिनीच्या उबेविषयीचा समजही तपासून घ्यायला हवा. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स डेव्हिड फोर्ब्स यांनी १८३७ मध्ये एडिनबरो येथे जमिनीत वेगवेगळ्या खोलींवर लांब दांड्यांचे तापमापक पुरले. त्यांतला सर्वांत खालचा २४ फ्रेंच फुटांवर, म्हणजे जवळजवळ ८ मीटर खोल होता. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसले ते असे, की जसजसे खाली जावे तसतसा उन्हाळा-हिवाळ्यातला फरक कमी होत जातो आणि तो उशिरा पोहोचतो. गुहेसारखे जवळपास स्थिर तापमान त्या सर्वांत खालच्या तापमापकाच्या आसपासचे. साधारण मातीचा हिशेब केला तर १.२ मीटर खोलीवर वार्षिक चढउताराचा निम्म्याहून अधिक भाग शिल्लक असतो. फक्त तो महिनाभर मागे सरकतो. दिवस आणि रात्र यांतला फरक मात्र अर्ध्या मीटरच्या आतच संपतो. म्हणून अर्धी पुरलेली खोली दुपारच्या उन्हापासून आणि पहाटेच्या गारठ्यापासून वाचवते, पण ऋतूपासून पूर्णपणे वाचवत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तर ती अडचणीत येते, कारण बाहेरची उबदार दमट हवा अजून थंड असलेल्या भिंतीला लागते आणि भिंतीला घाम फुटतो. याला भिंत गळते असे समजून डांबर फासणारे बरेच असतात.

मातीच्या दाबाचे शास्त्र किल्ल्यांच्या तटबंदीतून आले. फ्रेंच सैन्यातील अभियंता शार्ल कुलोम याने वेस्ट इंडिजमधील मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना आलेल्या अनुभवावरून १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध मांडला; पुढे १८५७ मध्ये स्कॉटिश अभियंता रँकिन याने तीच गणिते सोपी केली. त्यांतून नवशिक्याने लक्षात ठेवावे असे दोन निष्कर्ष निघतात. भिंतीवरचा एकूण रेटा खड्ड्याच्या खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एक मीटरऐवजी दीड मीटर खणले तर रेटा दीडपट नव्हे, तर सव्वादोन पट होतो. आणि भिंतीमागे पाणी तुंबले तर ते स्वतःचा रेटा मातीच्या रेट्यात मिळवते. १.२ मीटर उंचीच्या भिंतीवर कोरड्या वाळूसारख्या मातीचा रेटा प्रत्येक मीटर लांबीला ४००-४५० किलोच्या घरात असतो. तेवढ्याच उंचीचे नुसते पाणी सुमारे ७०० किलोने ढकलते. भिंत जाड करण्याआधी तिच्यामागचे पाणी काढून देणे स्वस्त पडते ते यामुळे.

ते काढून देण्याची रीत शेतीतून आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचे हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी १८५९ मध्ये शेतातील निचऱ्यावर सविस्तर लिहिले. त्यांनी लोकप्रिय केलेला खडीने भरलेला चर आजही भिंतीच्या पायाशी घातला जातो. त्यात आता भोके असलेला प्लास्टिकचा पाइप असतो आणि बारीक मातीने खडी भरून जाऊ नये म्हणून भोवती कापड गुंडाळलेले असते. या चराला उतार आणि बाहेर पडण्याची वाट असावीच लागते. सपाट जागेत ती वाट मिळत नसेल, तर अर्धे खाली जाण्याचा विचार तिथेच थांबवणे बरे.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत मातीत पुरलेल्या घरांची लाट आली आणि हौशी बांधणाऱ्यांना ही कल्पना नव्याने भेटली. आयडाहो राज्यात माइक ओहलर यांनी १९७१ मध्ये ५० डॉलरांत लाकडी खांब, फळ्या आणि पॉलिथिनचा कागद वापरून असे घर बांधले होते. पॉलिथिनचा शोध १९३३ चा. त्यामुळे पूर्वीच्या कुठल्याही पिढीला न मिळालेला अखंड, स्वस्त जलरोधक पडदा या पिढीच्या हाती आला. ओहलर यांचा आग्रह मात्र कागदावर भिस्त न ठेवता चढाच्या बाजूला मोकळे अंगण खणावे असा होता, म्हणजे उतारावरून येणारे पाणी भिंतीला भिडणारच नाही. बोलिव्हियाच्या पठारावर खड्ड्यातील हरितगृहांचा प्रयोग झाला, त्याची नक्कल दूरच्या अक्षांशांवर करताना मात्र सूर्य विसरला जातो. ५० अंश उत्तरेला २१-२२ डिसेंबरच्या सुमारास दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा अंश वर असतो, आणि १.२ मीटर खोल खड्ड्याच्या दक्षिण काठाची सावली ४ मीटरपर्यंत पसरते. म्हणजे छोट्या खड्ड्याच्या तळावर त्या दिवसांत ऊनच पडत नाही.

खोदकामाचा धोका दिसायला किरकोळ वाटतो, पण एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते आणि कमरेएवढ्या खड्ड्यातही वाकून काम करणारा माणूस ढासळलेल्या कडेखाली गाडला जाऊ शकतो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत ५ फुटांपासून पुढे कडांना आधार किंवा उतार देणे बंधनकारक आहे, आणि निघालेली माती काठापासून निदान २ फूट दूर ठेवावी लागते. घरच्या खड्ड्याला तो नियम लागू होत नसला तरी माती तीच असते.

३ मीटर रुंद, ४ मीटर लांब आणि १.२ मीटर खोल खड्ड्यातून सुमारे साडेचौदा घनमीटर, म्हणजे २० टनांहून अधिक माती निघते, आणि सैल झाल्यावर ती आणखी जागा व्यापते. ६० सेंटिमीटरच खोदून उरलेली उंची त्याच मातीच्या बांधाने भरून काढली, तर उपसा निम्म्यावर येतो, वाहून न्यायला फारसे काही उरत नाही आणि खोलीचा तळ पाण्याच्या पातळीपासून तेवढाच वर राहतो. दाराच्या पायऱ्या कमी होतात आणि त्यांच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यासाठी जाळी व मोरी करायला उतारही सहज सापडतो.