होप-कॅल्विन बास्केटबॉल रायव्हलरी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हॉलंड गावचं होप कॉलेज आणि ग्रँड रॅपिड्सचं कॅल्विन (2019 पासून युनिव्हर्सिटी), या दोन छोट्या ख्रिस्ती संस्थांमधली ही बास्केटबॉलची जुनी चुरस. दोघांत अंतर जेमतेम 50 किलोमीटर, सामने 1920 पासून चालू आहेत.

खरं तर ही भाऊबंदकीच आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय मॅचमध्ये एवढा जीव का ओततात ते कळत नाही. 1847 मध्ये पास्टर व्हॅन राल्टे डच लोकांना घेऊन आले आणि त्यांनी हॉलंड वसवलं, मग ही मंडळी रिफॉर्म्ड चर्च या प्रोटेस्टंट पंथात सामील झाली, पण 1857 मध्ये काही जणांना ते चर्च फारच सैल वाटायला लागलं, बायबलमधली स्तोत्रं सोडून इतर गाणी उपासनेत कशाला असे वाद झाले आणि ते वेगळे झाले, त्यांचंच पुढे ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च झालं. होप (1866) पहिल्या चर्चचं, कॅल्विन (1876) दुसऱ्याचं. म्हणजे देव एक, धर्मगुरू जॉन कॅल्विनची शिकवण एक, आडनावंसुद्धा तीच डच, फक्त चूल वेगळी!

होपची टीम फ्लाइंग डचमेन, रंग केशरी-निळा. कॅल्विनचे नाइट्स, रंग मरून-सोनेरी. कॅल्विनाइट्स (म्हणजे कॅल्विनवाले) या शब्दाचा उच्चार ऐकूनच नाइट्स नाव पडलं असं सांगतात.

दोन्ही टीम एनसीएए या अमेरिकी कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे तिसऱ्या गटात आहेत, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, म्हणजे ही पोरं निव्वळ आवडीने खेळतात, सकाळी लेक्चर आणि रात्री मॅच. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. आणि तरी बघायला गर्दी किती, तर 1997 मध्ये ग्रँड रॅपिड्सच्या व्हॅन अँडेल अरेनात 11,442 लोक आले होते, डिव्हिजन थ्रीसाठी तो विक्रमच होता. कॅल्विनच्या पुरुष टीमने 1992 आणि 2000 ला राष्ट्रीय विजेतेपद घेतलंय. होपच्या मुलींनी 1990, 2006 आणि 2022 असं तीनदा, त्यामुळे ही चुरस फक्त मुलांची समजू नये.

दोन्ही बाजूंची नाती एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एकाच घरात केशरी आणि मरून दोन्ही टीशर्ट निघतात.