हनुमंती कुस्ती

ज्या कुस्तीत अंगानं हलका पैलवान भारी पैलवानाला डाव, चपळाई आणि दम यांच्या जोरावर चीत करतो, म्हणजे त्याची पाठ जमिनीला टेकवतो, तिला हनुमंती म्हणतात. परंपरेनं कुस्तीचे चार प्रकार सांगतात. भीमसेनी ही निव्वळ ताकदीची, जांबुवंती म्हणजे हातापायाला बंध घालून समोरच्याला हार कबूल करायला लावणारी, जरासंधी हाडं-सांधे मोडणारी, आणि चौथी हनुमंती. यातली जरासंधी आज नियमातच बसत नाही. सातारा-सांगलीकडच्या जत्रांमध्ये जी कुस्ती लागते ती बहुतेक भीमसेनी आणि हनुमंतीची सरमिसळ असते, आणि मैदान उठून उभं राहतं ते हनुमंतीला.

या चार नावांच्या उगमाबद्दल मतं बरीच वेगळी आहेत. तीन नावं महाभारत-पुराणातल्या ठराविक लढतींशी सरळ जुळतात. भीम आणि जरासंधाचं मल्लयुद्ध सभापर्वात आहे, जांबवंत आणि कृष्ण स्यमंतक मण्यासाठी २८ दिवस झुंजले असं भागवतात येतं. पण हनुमंताची अशी एकही प्रसिद्ध कुस्ती नाही की जिथं तो कमी ताकदीचा असून डावानं जिंकला, उलट ताकदीत त्याला तोड नाही अशीच त्याची ख्याती, मग कमी ताकदीच्या कुस्तीला त्याचं नाव का? काहीजण म्हणतात चपळाईमुळं, एवढंच. त्यापेक्षा सुंदरकांडातला सुरसेचा प्रसंग जास्त जुळतो असं वाटतं. सुरसा तोंड मोठं करत जाते, हनुमंतही वाढत जातो, आणि शेवटी एकदम अंगठ्याएवढा होऊन तिच्या तोंडात शिरून बाहेर पडतो. मोठ्याशी मोठेपणात स्पर्धा सोडून दिली की वाट सापडते, हाच हनुमंतीचा गाभा आहे, म्हणून हे मत जवळचं वाटतं.

काळाबद्दलही सावध राहावं लागतं. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात (साधारण इ.स. ११२९-३१) मल्लविनोद असा वेगळा भाग आहे आणि तिथं मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल असे वर्ग येतात. पण ही प्रतवारी माणसांची आहे, कुस्तीच्या पद्धतीची नाही, त्यामुळं चार प्रकार तिथूनच आले असं म्हणायला आधार पातळ पडतो. गुजरातच्या ज्येष्ठीमल्लांचं, म्हणजे परंपरेनं मल्लविद्या जपणाऱ्या समाजाचं, 'मल्लपुराण' बहुधा तेराव्या शतकाच्या आसपासचं मानतात. शब्दांचा पुरावा आणखी मजेशीर आहे, कारण कुस्ती आणि पैलवान हे फारसी, वस्ताद हे फारसी उस्तादचंच रूप, तालीम अरबी, म्हणजे आखाड्याची व्यवस्था सांगणारे शब्द बहमनी-आदिलशाही काळात रुळले असावेत. डावांच्या नावांत मात्र मोळी, बगलडूब, धोबीपछाड अशी घरची नावं भरपूर आहेत. बाहेरून आलेलं आणि इथलं एकाच हौद्यात (तालमीतल्या मातीच्या खड्ड्यात) मुरलं असं म्हणणं जास्त बरोबर.

सातारा-सांगलीकडं हनुमंतीला आणखी एक पदर आहे. समर्थ रामदासांनी साधारण १६४५ ते १६५५ या काळात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी सात आजच्या सातारा जिल्ह्यात आहेत (शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन), दोन सांगली जिल्ह्यात बहे आणि शिराळ्याला, उरलेले दोन कोल्हापूरकडं. गावोगाव सांगतात की तालमी समर्थांनीच सुरू केल्या. तालमी त्याआधीपासून असणार हे वरच्या शब्दांवरूनच दिसतं, पण मारुती आणि तालीम ही जोडी इथं इतकी घट्ट बसली त्यात समर्थांचा वाटा मोठा, हे मान्य करायला हवं. अजूनही पोरगं हौद्यात उतरायच्या आधी मारुतीच्या पाया पडतं, मग माती कपाळाला लावतं.

डाव शिकवताना वस्ताद पहिल्यांदा एकच गोष्ट बजावतात, अंगावर घेऊ नको. सलामी झडली की खडाखडी, म्हणजे उभ्यानं हात-मान धरायची झटापट, सुरू होते, भारी पैलवान मानेवर हात टाकून आपलं सगळं वजन हलक्याच्या मानेवर सोडतो, त्याला खाली वाकवून थकवायचं हा त्याचा हिशेब. हलका तिथं ताकदीनं उलट रेटायला गेला की संपला. त्यानं अर्धं पाऊल मागं सरून वजन मोकळं पडू द्यायचं, आणि समोरचा तोल सावरायला पाय पुढं टाकतो नेमक्या त्याच वेळी खाली शिरून तो पाय गुडघ्यामागून उचलायचा. हा एकेरी पट. किंवा त्याच हाताखालून मुंडी काढून पाठीमागं जायचं, ती बगलडूब. दोन्हीत ताकद समोरच्याची खर्च होते, आपली फक्त वेळ साधायची असते, आणि ती वेळ डोळे मिचकावण्याएवढीच असते म्हणून तोच पट हजार वेळा घोटवून घेतात.

ढाक या डावात एक गंमत आहे. समोरच्याचा हात बगलेत आवळायचा, दुसऱ्या हातानं मान कवळायची आणि आपली कंबर त्याच्या कंबरेखाली घालून गरकन फिरायचं, की तो पाठीवरनं जाऊन पडतो. उंच माणसाला यासाठी गुडघ्यात बरंच वाकावं लागतं, बुटक्याची कंबर मुळातच खाली असते, म्हणजे जी उणीव वाटते तीच इथं उपयोगाला येते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९२६-१९८४) ढाकेसाठी प्रसिद्ध होते, उंची साधारण साडेपाच फूट. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तोवर सगळा सराव मातीतला, मॅट जवळपास नवीनच, तरीही सहावे. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनगटात समोरचा तेवढ्याच किलोचा असतो हे खरं, त्यामुळं ती लढत व्याख्येनं हनुमंती नाही असं कुणी म्हणेल, पण सरावाची सोय, मॅटची सवय, प्रवासाचा पैसा या सगळ्यात समोरचे किती भारी होते ते बघितलं तर हा शब्द तिथं लावावासा वाटतोच.

माती आणि मॅट हा फरक हनुमंतीच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. मातीत कुस्ती निकाली, म्हणजे पाठ टेकेपर्यंत, आणि जुन्या मैदानात वेळेचं बंधन सैल, त्यामुळं हलका पैलवान समोरच्याला फिरवून फिरवून त्याचा दम काढायचा. भारी अंगाला दहा-पंधरा मिनिटांनी धाप लागते, घामानं अंग निसटायला लागतं, मग मूठभर माती त्याच्या पाठीवर, मानेवर चोळून पकड घ्यायची. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या आणि नुसतं टाळत राहिलं की पंच समज देतात, दम काढायला वेळच नाही. पण तिथं गुण आहेत, एक पट नीट निघून ताबा मिळाला की दोन गुण, आणि पुढची आघाडी सांभाळता आली तर चीत न करताही जिंकता येतं. त्यामुळं 'मॅटनं हनुमंती मारली' ही जुन्या माणसांची तक्रार अर्धीच पटते. दम काढणं गेलं, वेळ साधणं राहिलं.

भारी पैलवानाला हे डाव येत नाहीत असंही नाही. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने चांगले दांडगे. असा गडी जेव्हा पटही काढतो तेव्हा हलक्याकडं फक्त दमच शिल्लक राहतो, म्हणून हलक्याची मेहनत भाऱ्यापेक्षा जास्त हवी, जोर-बैठका तर आहेतच, पण पळणं आणि लढत जास्त. डावानं सगळं जमतं हा गैरसमज आहे.

जत्रेत जोड वजनकाट्यावर लावत नाहीत. पंच दोघांना शेजारी उभं करून खांदे, मांड्या, मान बघतात, आधीच्या कुस्त्या आठवतात आणि ठरवतात. लहान पोरांच्या रेवड्यांच्या, म्हणजे खाऊच्या बक्षिसाच्या, कुस्त्यांपासून सुरुवात होते, तिथं तर फरक सर्रास असतो. कुंडल, पुसेगाव असल्या मोठ्या मैदानात वरच्या नंबरच्या जोडी आधीच ठरलेल्या असतात.

मुलींच्या तालमीही आता या पट्ट्यात आहेत. २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली.