ब्रेस लावण्याआधी पीळ मोजा

काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता फार दिवस सपाट राहत नाही. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि वरचं डांबर तिच्यासोबत वरखाली होतं. चोपडा, यावल, रावेरकडच्या आतल्या रस्त्यांवर लहान गाडी हळू चालवली की हे कानांना कळतं. डावं पुढचं चाक उंचवट्यावर चढताच डॅशबोर्डच्या कोपऱ्यातून करकर येते, मागच्या दारातून टकटक. रस्त्याचा बराचसा वाकडेपणा सस्पेन्शन गिळतं. उरलेला बॉडीला पिळतो. हा पीळ कमी करायला बॉडीच्या दोन जागा एकमेकांना बांधणारी धातूची पट्टी, म्हणजे ब्रेस, लावतात.

हा पीळ कसा पडतो ते केळीच्या खोक्यावरून समजतं. झाकण लावलेलं पुठ्ठ्याचं खोकं दोन्ही टोकांना धरून पिळून बघा, दाद देत नाही. झाकण काढलं की तेच खोकं हातात मुरडतं. हॅचबॅकचं मागचं दार हे गाडीच्या खोक्याचं असंच उघडं तोंड. दार बंद असलं तरी बिजागरी, कुलूप आणि रबर यांत खेळ असतो, त्यामुळे ते पीळ फारसा अडवत नाही. पुढची काच मात्र बॉडीला चिकटवलेली असते आणि खरोखर झाकणाचं काम करते. काच बदलताना चिकटवण्याचं काम स्वस्तात उरकू नये, ते याचसाठी.

बहुतेक जण सगळ्यात आधी बॉनेटखालची आडवी पट्टी, म्हणजे स्ट्रट बार, घेतात. शॉकपची वरची टोकं बॉडीला जिथं बसतात ते दोन उंचवटे ती एकमेकांना जोडते. तिच्या वाट्याला काम किती येतं, हे साध्या तरफेच्या हिशोबानं काढता येतं. वळणावर टायरला जमिनीपाशी आडवा जोर बसतो. खालचा आर्म, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा, जमिनीपासून २०० मिमी आणि शॉकपचं वरचं टोक ८०० मिमी उंचीवर धरलं, तर खालच्या आर्मवर त्या जोराच्या सव्वापटीहून जास्त भार येतो आणि वरच्या टोकावर जेमतेम एक तृतीयांश. म्हणून आर्मचे बॉडीकडचे जोड बांधणारी खालची ब्रेस अनेकदा जास्त उपयोगी पडते, जरी बॉनेट उघडल्यावर ती कोणाला दिसत नसली. तिच्यामुळे गाडीखालची उंची २०-२५ मिमीनं कमी होत असेल, तर गावातले गतिरोधक आधी आठवावेत.

पट्टीचा आकार हा तर कळीचा मुद्दा. २५ मिमी व्यासाचा, दीड मिमी जाडीचा आणि मीटरभर लांबीचा सरळ पोलादी पाइप १ मिमी दाबायला सुमारे २२ हजार न्यूटन, म्हणजे सव्वादोन टन जोर लागतो. एअर फिल्टर चुकवण्यासाठी त्याच पाइपला मध्यावर ५० मिमीचा बाक दिला आणि टोकं बिजागरीसारखी फिरती असली, तर १७०० न्यूटनच पुरतात. ताठपणा तेराव्या हिश्श्यावर आला! दिसायला भक्कम असणारी वाकडी पट्टी प्रत्यक्षात स्प्रिंग असते. रंग, चमक किंवा नावापेक्षा आधी ती सरळ आहे का ते बघा.

ब्रेसनं पीळ खरंच घटतो का, या चाचणीसाठी सिमेंटचा सपाट ओटा हवा, मातीचं अंगण चालणार नाही. चारही चाकांखालची पातळी गवंड्याच्या लेव्हल पाइपनं तपासून घ्या. टायरची हवा आणि टाकीतलं पेट्रोल दर वेळी सारखं ठेवा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मग पुढचं एक चाक जॅकनं उचलून खाली १०० मिमी जाडीच्या फळ्या ठेवा, गाडी त्यांवर उतरवा आणि जॅक काढून घ्या. जॅकवर उभ्या गाडीचं माप घेऊ नका आणि तिच्याखाली हात घालू नका. मागच्या दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या आणि ०.०१ मिमी वाचणारा डायल गेज (बारीक सरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र) एवढं पुरतं. एक कर्ण वाढला आणि दुसरा जवळजवळ तेवढाच घटला, तर तो खरा पीळ. दोन्ही वाढले असतील तर मापात चूक आहे किंवा ऊन लागलं आहे.

ऊन ही खानदेशातली मोठी अडचण. मीटरभर पोलाद दर अंशाला ०.०१२ मिमी वाढतं. सकाळच्या मापानंतर दुपारी पत्रा २० अंशांनी तापला की ०.२४ मिमीचा फरक नुसत्या उन्हाचा. ब्रेसचा परिणामही एवढाच असू शकतो. म्हणून भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात सगळी मापं सूर्य उगवायच्या आत उरकावीत. ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर आणखी एक भानगड. ती पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते, त्यामुळे बॉनेटखाली तापली की स्ट्रटचे उंचवटे बाहेर ढकलते.

प्रत्येक मापाआधी गाडीचे चारही कोपरे तीनदा दाबून सोडा, नाहीतर सस्पेन्शनमधलं घर्षण आकडा अडवून धरतं. ब्रेसशिवाय पाच मापं, ब्रेस लावून पाच, आणि ती काढून पुन्हा पाच. शेवटची पाच पहिल्या पाचांशी जुळली नाहीत तर सगळं परत करावं. एका वेळी एकच ब्रेस बदला. गाडी चालवून जाणवणारा फरक तपासायचा असेल, तर ब्रेस लावली आहे की नाही हे चालवणाऱ्याला कळू देऊ नका. पैसे मोजलेल्या माणसाला फरक जाणवतोच.

ब्रेस बसवताना गाडी चाकांवर, सपाट जागी उभी असावी. सगळे बोल्ट आधी हातानं लावा आणि मग टॉर्क पान्यानं कंपनीच्या मापाइतके आवळा. ८ मिमीचा बोल्ट साडेआठच्या भोकात असतो आणि बॉडीची हालचाल त्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. जोड केवळ आवळलेल्या पकडीवर काम करतो, म्हणून वॉशरखालचा जाड रंग आणि धूळ साफ हवी. नवं भोक पाडू नका, वेल्डिंगही नको. उष्णतेनं उच्च-ताकदीचं पोलाद मऊ पडतं आणि भोकाच्या कडेनं गंज आत शिरतो.

पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. वॉशरभोवती घासून चकाकलेली बारीक कडी दिसली, तर जोड सरकतोय आणि ब्रेसचा काहीही उपयोग होत नाही.