दांग्लारचा आकस वेगळा, फर्नांदचा वेगळा

फ्रेंच लेखक ड्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीवर बोलणं निघालं की जळगावपासून धुळ्यापर्यंत एकच वाक्य कानावर येतं: "मर्सेदेसपायी दोघं जळत होते, दोघांनी मिळून दांतेसला अडकवलं." दोघं म्हणजे दांग्लार आणि फर्नांद; दांतेस हा कादंबरीचा नायक, तरुण खलाशी. साफ चूक. मर्सेदेसपायी जळत होता तो एकटा फर्नांद. दांग्लारला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

फर्नांद सगळ्यांना कळतो. मर्सेदेस त्याच्या नात्यातली, त्याचा तिच्यावर जीव, आणि ती लग्न करणार दांतेसशी. तो सुरा चालवायलाही मागेपुढे पाहणार नाही. थांबतो ते एवढ्यासाठी, की दांतेसला काही झालं तर मीही जीव देईन, असं तिने बजावलंय.

घोळ होतो दांग्लारपाशी. 'फराओं' जहाजावर मालाचा हिशेब त्याच्याकडे. कप्तान वाटेत मेला, जेमतेम विशीच्या दांतेसने १८१५च्या फेब्रुवारीत जहाज मार्सेयला आणलं, आणि मालक मोरेल त्यालाच कप्तान करायला निघाले. म्हणजे बढतीचं भांडण, असं म्हणून लोक पान उलटतात. बढती त्याला हवी होती, खरंच. पण आकस त्याआधीचा आहे. दोघांची कधीतरी बाचाबाची झाली होती. माँटे क्रिस्टो बेटावर दहा मिनिटं उतरून काय ते मिटवू, असं दांतेस म्हणाला, आणि दांग्लारने नकार दिला. तरीही मोरेल विचारतात तेव्हा दांतेस त्याच्या कामाला नावं ठेवत नाही, मालकांचा ज्याच्यावर विश्वास त्याचा मी मानच राखीन म्हणतो. दांग्लारच्या पोटावर पाय येतच नव्हता. त्याला सलत होतं ते हे, की वयाने लहान पोरगा वरचढ ठरला.

आता ते पत्र, ज्याने दांतेस अडकला: तो नेपोलियनचा हस्तक आहे, अशी सरकारकडे केलेली निनावी चुगली. दांग्लार ते डाव्या हाताने लिहितो, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. फर्नांदला वाचायला देतो, ही थट्टाच म्हणतो, चुरगाळून कोपऱ्यात भिरकावतो आणि दांतेसचा शेजारी, झिंगलेल्या कादरूसला घेऊन चालू लागतो. जाता जाता मागे वळून बघतो: फर्नांद वाकून कागद उचलतोय. याला 'दोघांनी मिळून' म्हणत नाहीत! एकाने हत्यार घडवून दुसऱ्याच्या हाताशी ठेवलं. आमच्या रावेर-यावलकडे कुणाची उभी केळी रात्रीतून कापणारा सकाळी हळहळायला सगळ्यांत पुढे असतो. साखरपुड्याच्या जेवणात दांतेसला पकडतात तेव्हा दांग्लार असाच चकित चेहऱ्याने उभा आहे. त्याला नुसता 'लोभी' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग वाचलेलाच नाही, असं माझं ठाम मत आहे. लोभ पुढे आला, बँकर झाल्यावर.

दांतेसला कैदेत धाडणारा सरकारी वकील विलफोर, त्याला यात ओढू नका. त्याला आकस नव्हताच, नेपोलियनच्या बाजूच्या बापाचं नाव लपवून स्वतःची खुर्ची वाचवायची होती.

ड्यूमाने शिक्षाही वेगवेगळ्या दिल्या. फर्नांदला मर्सेदेस सोडून जाते, मुलगाही जातो, आणि तो स्वतःवर गोळी झाडतो. हिशेबनीस दांग्लार दरोडेखोरांच्या कैदेत एका कोंबडीचे १,००,००० फ्रँक मोजतो.

पटत नसेल तर पहिल्या प्रकरणाचा शेवट आणि चौथं प्रकरण लागोपाठ वाचा. हातातल्या पुस्तकात तो भाग गाळलेला असेल, तर ते वाचनालयाला परत करा आणि संपूर्ण आवृत्ती मागा.